याच्यावर सही कोणाची?

"याच्यावर सही कोणाची हाय?" मामाजींनी विचारलं.

मे महिन्यात राजूर कॉलरीत दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला, वणी तालुक्यात, उन्हाला कोळशाच्या धुळीची आणि चुनाभट्ट्यांच्या फुफाट्याची जोड असते. मामाजींच्या पुढच्या खोलीत कूलरसमोर बसून मी कागद निवडत होते. फावल्या वेळात मी एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिते. त्या प्रकल्पाच्या विकीवरची पानं छापून आणली होती. कोणतं पान विकीवरच राहू द्यायचं आणि कोणतं वेबसाइटवर न्यायचं, हे लाल पेनानं ठरवायचं होतं. मामाजींनी गठ्ठ्यातलं वरचं पान उचललं, उलटून पाहिलं, चारही कोपरे तपासले आणि तो प्रश्न टाकला. आयुष्यभर त्यांनी कोळसा खाणीत सर्व्हेयरची नोकरी केली. कागद हातात आला की मजकूर ते शेवटी वाचतात.

"सही नसते मामाजी. विकी आहे हे. कोणीही लिहितं, कोणीही दुरुस्त करतं."

"अन् चुकलं तर कोणाले धरायचं?"

"कोणालाच नाही. पुढचा माणूस सुधारतो."

"पुढचा माणूस वाचला तर," मामाजी म्हणाले आणि पान परत ठेवलं.

वाचकांपैकी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मुक्त सॉफ्टवेअरच्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांना दोन घरं असतात. एक वेबसाइट, तिच्या किल्ल्या मोजक्या हातांत. दुसरं विकी, त्याला दार असलं तरी कडी नसते. पहिलं विकी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरनं 25 मार्च 1995 रोजी सुरू केलं. होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून त्यानं नाव उचललं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पात एक भांडण ठरलेलं आहे: झटपटचं घर कोणत्या मजकुरानं भरायचं आणि किल्लीच्या घरात काय ठेवायचं. मी स्वतः कडी नसलेल्या घराच्या बाजूची. मामाजींची बाजू त्यांच्या पहिल्याच प्रश्नात आली.

"खदानीचा प्लॅन पाह्यला काय तू कधी?" त्यांनी विचारलं. "कोपऱ्यात खदानीचं नाव, मालकाचं नाव, स्केल. उत्तर दिशा. ती चुंबकाची उत्तर असली तर तिच्या बाजूले तारीख."

"उत्तरेला तारीख?"

"मंग! सुई सरकते ना. होकायंत्राची उत्तर दरसाली जराशी हलते. पन्नास वर्षांआधीच्या प्लॅनवर आजची उत्तर धरून चाललो, तर भिंत एकीकडे अन् आपण दुसरीकडे. म्हणून उत्तरेलेही तारीख. मंग खाली सर्व्हेयरची सही, मॅनेजरची सही. सर्व्हेयर म्हणजे कोणीही नाही. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा पास झालेला माणूस. तुह्या ह्या पानावर उत्तरच नाही दिसून राह्यली."

हे मला लागलं, कारण त्या पानाची उत्तर खरोखरच सरकली होती. ते पान आमचा प्रोग्राम कसा बसवायचा ते सांगणारं होतं. कधीकाळी कोणी चांगल्या मनानं लिहिलं, दहाजणांनी भर घातली. दरम्यान प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या येऊन गेल्या आणि एका आज्ञेचा अर्थ बदलला. एका माणसानं ती ओळ जशीच्या तशी टाकली आणि त्याच्या डिस्कवरचं सगळं पुसलं गेलं. घरच्या फोटोंसकट. ते पान मी त्याच्या आधीच्याच महिन्यात वाचलं होतं. चूक दिसली होती. कोणीतरी सुधारेल म्हणून पुढे गेले. हे मी मामाजींना सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

त्यांना मी दुसरंच सांगितलं. "सहीच्या मागे लागलं की काय होतं ते ऐका. 2000 साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी नुपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला. लेख लिहिणारे तज्ज्ञ, वर तपासणीच्या सात पायऱ्या. पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख त्या पायऱ्या चढून वर आले. मग त्यांनी जोडीला, कच्चा माल मिळावा म्हणून, एक विकी उघडलं. 15 जानेवारी 2001. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नुपीडिया बंद पडला, विकिपीडिया राहिला. मराठी विकिपीडियाही 2003 च्या 1 मेपासून चालू आहे. मराठीत तर सहीचे कोश आधीपासून आहेत. केतकरांचा ज्ञानकोश, वाईचा विश्वकोश. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा, विसावा यायला 2015 उजाडलं. पण राजूरची चुनाभट्टी कशी चालते हे लिहायला वाईहून माणूस येणार आहे का?"

"विश्वकोशाले नाव ठेवू नको."

"नाव नाही ठेवत. दोघांची कामं वेगळी आहेत म्हणते."

"तेच तर मी म्हणून राह्यलो. कोणाचं कोणतं काम, ते सांग."

इथे मला थांबावं लागलं. आतापर्यंत मी विकीची वकिली करत होते. वाटणी कशी करायची, या मूळ प्रश्नाला हातच लावला नव्हता.

आमच्या गटात वाटणीची एक रूढ कसोटी आहे: टिकाऊ ते वेबसाइटवर, बदलतं ते विकीवर. ऐकायला बरी वाटते. पण डाउनलोडचं पान दर आवृत्तीला बदलतं आणि तरी ते वेबसाइटवरच लागतं. उलट, अमुक लॅपटॉपचं वाय-फाय चालू करायची युक्ती पाच वर्षं तशीच राहते आणि तरी तिची जागा विकी. दुसरी कसोटी, महत्त्वाचं ते वेबसाइटवर. ही तर लिहिणाऱ्यांचा अपमान करणारी. आर्च लिनक्स या प्रणालीचं विकी इतकं भरलेलं आहे की आर्च न वापरणारेही अडलं की तिथेच जातात. त्याला बिनमहत्त्वाचं कोण म्हणेल?

मामाजींना हे सांगून झाल्यावर मी माझ्या ठेवणीतला दाखला काढला. खाणीचाच होता. जुलै 2002, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली क्वेक्रीक खाण. शेजारी एक बंद पडलेली जुनी खाण होती, पाण्यानं भरलेली. नकाशाप्रमाणे ती बरीच लांब होती. प्रत्यक्षात कामगारांनी कोळसा कापता कापता तिची भिंत फोडली आणि पाणी आत आलं. नऊ जण तीन दिवसांहून जास्त अडकले. वरून भोक पाडून सगळ्यांना जिवंत काढलं. हाताशी असलेला नकाशा जुन्या खाणीचा शेवटचा नकाशा नव्हता. तो काढल्यानंतरही तिथे कोळसा निघत राहिला होता.

"बघा," मी म्हणाले, "नकाशा होता. पण शेवटचा कोळसा ज्यांनी काढला त्यांच्या डोक्यातली माहिती नकाशावर आलीच नाही. त्यांना लिहायला जागा असती तर?"

मामाजी जरा वेळ बोलले नाहीत. पाण्याचं नाव निघालं की खाणीतला माणूस असाच गप्प होतो. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळ चासनाला खाणीत जुन्या कामांमधलं पाणी शिरलं आणि 375 माणसं गेली. त्या पिढीच्या प्रत्येक सर्व्हेयरला तो आकडा पाठ आहे. जुन्या पाणी भरलेल्या कामाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, हा नियमही.

"साठ मीटर," मामाजी म्हणाले. "पण कुठून साठ? भिंतच कुठी हाय ते प्लॅनवर चुकलं, तर साठचे सहा होते. तू सांगते तो दोष सहीचा नाही. सही करायले उशीर झाला, त्याचा हाय. अन् लिहायले जागा नव्हती म्हणते, तर जागा असते. तुले वहीचं माहीत नाही."

मग त्यांनी वहीचं सांगितलं. माझ्या मते त्या दुपारचं सगळ्यात कामाचं बोलणं हेच.

खाणीत प्रत्येक पाळीला माइनिंग सरदार आणि ओव्हरमन आपापल्या भागाची तपासणी करतात. छप्पर कसं आहे, वायू आहे का, हवा किती येते, पाणी कुठे पाझरतं. पाळी संपली की ते वहीत लिहितात. वही बांधीव असते, पानांना आकडे असतात. पान फाडलं की आकडा तुटतो. पुढच्या पाळीचा माणूस ते वाचतो, वाचल्याची सही करतो आणि मगच खाली उतरतो.

"सरदाराचं अक्षर कसंही असो," मामाजी म्हणाले, "त्याले भाषा येवो न येवो. त्यानं लिहिलंच पाह्यजे, कारण छप्पर त्यानं पाह्यलं. मॅनेजर हापिसात बसला होता. आता हे तुहं विकी झालं. पण मी प्लॅनवर वहीतलं उतरवत नव्हतो. वहीत लिहिलं का अमुक गॅलरी पंधरा मीटर पुढं गेली, तर मी यंत्र घेऊन उतरत होतो, मोजत होतो, अन् मंग रेघ मारत होतो. तिमाही सर्व्हे. वही रोजची, प्लॅन तीन महिन्यांचा. वही लिहिणारा अन् प्लॅन काढणारा, दोघंही लागतात. अन् दोघांच्या मधात मोजणारा लागते."

विकीच्या प्रत्येक पानामागे त्याचा पूर्ण इतिहास असतो. कोणी कधी कोणता शब्द बदलला ते कायमचं राहतं. पानांना आकडे घातलेली बांधीव वहीच ती. हे मी मामाजींना फोनवर उघडून दाखवलं, आमच्याच त्या पानाचा इतिहास काढून. त्यांनी चष्मा वर केला, अकरा नावं वाचली आणि म्हणाले, "नावं तर हायेत की. मंग सही नाही म्हणून काहून सांगितलं?"

"लिहिल्याची नावं आहेत. तपासल्याचं नाव नाही."

"हां. आता बरोबर बोलली."

मामी आतून ऐकत होत्या. त्यांचे वडील इथल्याच चुनाभट्टीवर होते. भट्टीत दगडाचा एक थर, कोळशाचा एक थर, असं भरत जातात. कोळसा कमी पडला तर दगड आतून कच्चा राहतो, जास्त झाला तर इतका करपतो की पाणी टाकलं तरी फुटत नाही. किती दगडाला किती कोळसा, ते दगडाच्या जातीवर आणि कोळशाच्या राखेवर ठरतं. "आमच्या बाबानं ना वही लिहिली ना प्लॅन काढला," मामी म्हणाल्या. "त्यायले लिहायले कोणी सांगितलंच नाही. ते गेल्यावर मालकाच्या तीन भट्ट्या वाया गेल्या. तुम्ही दोघं सह्यांचं भांडून राह्यले." आणि त्या पन्ह्याचे पेले ठेवून आत गेल्या.

यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. पण माझ्या बाजूचं वजन यातून वाढलं असं मी धरलं. आधी लिहिलं जायला हवं, सही नंतरची गोष्ट. मामाजींच्या मते मामींचं बोलणं त्यांच्या बाजूचं होतं: मालकानं जबाबदारीनं विचारलं असतं तर लिहिलं गेलं असतं.

मोठ्या प्रकल्पांनी हे कसं सोडवलं? उबुंटूनं मदतीच्या एकाच पत्त्यावर दोन खोल्या केल्या. अधिकृत पुस्तिका एकीकडे, लोकांनी लिहिलेलं विकी 'कम्युनिटी' अशा पाटीखाली दुसरीकडे. डेबियनची वेबसाइट वेगळी, विकी वेगळं. मोझिलाची गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. वेब डेव्हलपरांसाठीची त्यांची कागदपत्रं 2005 पासून विकीवर होती. जगभरचे प्रोग्रामर ती वापरत. डिसेंबर 2020 मध्ये त्यांनी तो सगळा मजकूर विकीतून काढून गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, नेला. आताही कोणीही बदल सुचवू शकतो, पण दुसऱ्या कोणी पाहिल्याशिवाय तो छापला जात नाही.

"हे माह्या मनासारखं झालं," मामाजी म्हणाले. "सरदारानं लिहिलं, सर्व्हेयरनं मोजलं, मॅनेजरनं सही केली."

"हो. पण पूर्वी ज्याला एक स्पेलिंग सुधारायला दोन मिनिटं लागायची, त्याला आता आधी गिटहबची रीत शिकावी लागते. तो शिकत नाही, निघून जातो. तुमच्या सरदाराला कोणी सांगितलं असतं का, की वहीत लिहायच्या आधी मोजणीचं थिओडोलाइट चालवायला शीक?"

मामाजी हसले. हा मुद्दा त्यांनी सोडला. तसे ते सहजासहजी सोडत नाहीत.

भाषांतराचा मुद्दा मात्र दोघांनाही एकदम पटला, म्हणून तो थोडक्यात. रोज बदलणाऱ्या पानाचं मराठी करणं म्हणजे वाहत्या पाण्यावर रेघ. मूळ पुढे जातं, मराठी पान मागे राहतं आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही. डेबियनच्या वेबसाइटवर यासाठी साधी सोय आहे. भाषांतरित पानाच्या आत मूळ पानाच्या कोणत्या आवृत्तीवरून ते केलं याची नोंद असते, आणि मूळ फार पुढे गेलं की पानावर तशी सूचना येते. "उत्तरेची तारीख," मामाजी लगेच म्हणाले. मराठी वाचकापर्यंत जे पोचायला हवं ते आधी वेबसाइटवर स्थिर करायला हवं, हे मला त्या दिवशी पटलं. आम्ही आजवर उलटं करत होतो. विकीवरची रंजक पानं आधी मराठीत आणत होतो, आणि बसवायची पद्धत इंग्रजीतच.

ऊन उतरल्यावर मामाजींनी नकाशावर राजूर दाखव म्हटलं. मी ओपनस्ट्रीटमॅप उघडला. 2004 साली स्टीव्ह कोस्टनं इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा जगाचा मुक्त नकाशा. तिथे भर घालायला कोणाची परवानगी लागत नाही. रस्त्याला, विहिरीला, भट्टीला कोणता टॅग लावायचा हे त्यांच्या विकीवर लिहिलेलं असतं. जुन्या, ऐतिहासिक चुनाभट्टीसाठीसुद्धा टॅग आहे. गंमत अशी की या प्रकल्पाच्या फाउंडेशनची औपचारिक वेबसाइटही विकीच्याच सॉफ्टवेअरवर चालते. फक्त बदलायचा हक्क मोजक्यांना आहे. इंग्रजी विकिपीडियाचं मुखपृष्ठही असंच, प्रचालकांशिवाय कोणाला हात लावता येत नाही. तेव्हा विकी आणि वेबसाइट हा भेद यंत्राचा नव्हेच. पेन कोणाच्या हातात आणि नाव कोणाचं, एवढाच तो आहे.

राजूर शोधताना मजा झाली. अकोले तालुक्यात एक राजूर, जालना जिल्ह्यात भोकरदनकडे गणपतीचं एक राजूर, आमचं हे वणीचं, आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा. "माहं एक पत्र राजुऱ्याले जाऊन आलं होतं," मामाजी म्हणाले. विकिपीडियावर अशा नावांसाठी वेगळं पान असतं, त्याला निःसंदिग्धीकरण म्हणतात, असं मी सांगितलं. तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. "पोस्टमनले हे म्हणता आलं असतं, तर पत्र गेलंच नसतं."

मग ते गंभीर झाले. नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, खाली खोदलेलं यात कुठं दिसतं? मी म्हटलं, दिसत नाही. कोणी काढलं तर दिसेल. "काढू नको," ते म्हणाले. "घराचं, रस्त्याचं, भट्टीचं काढ. जमिनीखालचं आठवणीनं काढायचं नसते. कोणी त्याच्यावर भरवसा ठेवून विहीर खोदीन."

लाल पेन घेऊन मग मी गठ्ठ्याला बसले ते या एकाच वाक्यावर. प्रत्येक पानाला विचारलं, हे वाचणारा माणूस दुसऱ्या कोणाला न विचारता थेट करून पाहील का, आणि चुकलं तर त्याचं काय जाईल? डिस्क पुसणारी आज्ञा, डाउनलोडच्या फाइलची खात्री करायचा आकडा, परवाना, सुरक्षेतली चूक कळवायचा पत्ता, हे वेबसाइटवर, तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. लॅपटॉपच्या युक्त्या, बैठकींची टिपणं, अर्धवट बेत, कोणाच्या तरी भट्टीचं गणित, हे सगळं विकीवर, कोणालाही न अडवता.

एका गोष्टीवर मात्र आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. वेबसाइटच्या प्रत्येक पानाची तिमाही तपासणी व्हावी आणि तारीख उलटली की पान आपोआप झाकलं जावं, हा मामाजींचा आग्रह. मी म्हटलं, तुम्हाला त्या मोजणीचा पगार होता, आमच्याकडे सगळे रात्री जेवण झाल्यावर काम करणारे. झाकलेली पानं उघडणार कोण? "मंग तेवढीच पानं ठेवा जेवढी मोजता येतात," ते म्हणाले. मला हे कंजूषपणाचं वाटतं. अजूनही वाटतं.

पुण्याला परतल्यावर गटाला मी ही वाटणी पाठवली. बरीच चर्चा झाली आणि बहुतेक मान्य झाली. डिस्कच्या आज्ञेचं पान आता वेबसाइटवर आहे. त्याच्या तळाशी 'तपासलं' असं लिहून माझं नाव आणि तारीख आहे. बाकीच्या पानांवर ती जागा केली आहे, पण अजून रिकामी आहे.